खोडरबर नसलेली पेन्सिल

पतसंस्थेचं गेल्या सालचं पाठकोरं कॅलेंडर
जेवणाच्या टेबलावर उपडं पसरलंय.
कोपऱ्यांवर ठेवायला चेंडू आणले, ते घरंगळले,
मग लोणच्याची बरणी, कुंद्याचा रिकामा डबा,
ह्यांच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातले
बिडाचे दोन तुकडे.

पेन्सिल केतकीची. बोटाएवढी.
मैदानावर स्कोअर लिहायला देतात ती.
तिला मागे खोडरबर नसतं.
का गं? मी विचारलं.
मारलेला फटका मारलेलाच असतो की, आई.
जसं काही वय तेरा नाही, तेहतीस.

आधी परीक्षा लिहिल्या.
मग मुतग्याच्या दिरांकडचं लग्न.
मग जून ते सप्टेंबर एक तिरकी रेघ,
तेव्हा आमचं कॅम्पातलं मैदान म्हशींचं असतं.
उरल्या महिन्यांत स्पर्धा बसवायच्या.
पुणं जवळ. पुण्यात मावशी, मावशीकडे जादा गादी.
खरं अर्जात झोन विचारतात,
आणि झोन दक्षिण.
म्हणून बेंगळूर, परत बेंगळूर, म्हैसूर,
कोइमतूरपुढे प्रश्नचिन्ह.
रात्रीची राणी चेन्नम्मा, स्लीपर, तीन तिकिटं,
नाही, दोन. ह्यांना रजा नाही.
बॅग मात्र तिसऱ्या माणसाएवढीच,
आणि लोंढ्याच्या आत कुणीतरी विचारतंच,
ह्यात काय, तंबोरा की बंदूक?

शिवाय दोन दिवस आधी पोचायचं.
कारण आमच्याकडे हिरवळ नाही, ब्राउन आहेत:
वाळू, तेल, वरून ओढलेलं गोणपाट.
तिथं चेंडूला ढकलावं लागतं, आर्जवं करावी लागतात.
तिकडच्या गवतावर तो न्हाणीघरातल्या साबणासारखा.
ते शिकायचे दोन दिवस म्हणजे लॉजचे दोन दिवस.
दिवसभर मी दुसऱ्यांच्या मुदती मोजते;
ह्या दोन दिवसांपुढे आकडा लिहिला
आणि त्याच्यावर बरणी सरकवली.

मे महिना गच्च भरला.
सलग चार स्पर्धा, एकही चौकोन रिकामा नाही.
मला बरं वाटलं,
डबा भरून झाकण लागल्यावर वाटतं तसं.

संध्याकाळी मल्लाप्पा मास्तर आले.
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा वाहिलेल्या,
बदलीवर जाताना कुणा मेजरसाहेबानं दिलेली
सात नंबरची आयर्न, तेवढीच पदवी.
चहा बशीत ओतून त्यांनी कॅलेंडर बघितलं.
वाचता आलं ते वाचलं, उरलेलं बोटानं मोजलं.
म्हणाले,
"अक्का, पहिली स्पर्धा पोरगी मनानं खेळंल.
दुसरी खांद्यानं.
तिसरी तुझ्यासाठी.
चौथीला तिथं कोण असणार?"

आतल्या खोलीत केतकी
भिंतीकडे चेंडू ढकलत होती, टक्, टक्.
ते थांबलं होतं.

"एक आठवडा सुम्ने ठेव की."

सुम्ने.
कानडीतून उसना आणलेला शब्द,
आम्ही कधी परत केला नाही,
त्यांनीही कधी मागितला नाही.
उगाच, सहज, गप्प, काही कारण नसताना,
सगळं एकाच वाटीत.

म्हैसूरवर मी दोन रेघा मारल्या.
खाली अजून म्हैसूर वाचता येतं.
त्यावर आकडा, आकड्यावर बरणीचा तेलकट गोल.

केतकी बाहेर आली. काही बोलली नाही.
माझ्या हातातली पेन्सिल घेतली
आणि त्या सात चौकोनांवरून आडवं,
शाळेत शिकवतात त्या गोल गोल कानडी अक्षरांत
लिहिलं: सुम्ने.
कोइमतूरच्या प्रश्नचिन्हाला हात लावला नाही.

आज ऑफिसात त्याच आठवड्याच्या रजेचा अर्ज भरला.
नाव लिहिलं, तारखा लिहिल्या.
कारणाच्या रकान्याशी
पेन थांबलंय.